रोज तीन रेघा

चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटर, आरसे आणि दिवे, आणि मागे पडद्याआड एक अरुंद खोली. त्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं तर तिच्या डोक्यात काही यायचं नाही, पण नंबर सांगितला की माणूस डोळ्यांपुढे उभा राहायचा. म्हणून दुकानात तिला सगळे नंबरताई म्हणत. पुढेपुढे नवराही घरात गमतीने तशीच हाक मारायला लागला.

शिक्षण मात्र तिचं चित्रकलेचं. कॉलेजात ती छापचित्रं करायला शिकली होती. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीच्या, तुकड्यावर चित्र उलटं कोरायचं, रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून दाबायचं, की ते सुलट उमटतं. कॉलेज सुटलं तसं तिथलं छापायचं यंत्रही सुटलं आणि वर्गातल्या बहुतेकांचं छापणं तिथेच आटोपलं. हिचं आटोपलं नाही. तिने स्वतःपुरतं एकच ठरवलं होतं, की कोरणी रोज हातात घ्यायची, मग तीन रेघा ओढून खाली ठेवावी लागली तरी चालेल. सकाळी घराची गडबड सुरू व्हायच्या आधी ती ओट्यापाशी उभी राहून कोरायची. शाई पसरायला दुकानातल्या मोडक्या शोकेसची काच होती, दाबायला जाड चमच्याची पाठ, आणि कागद वाळायचे गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर. मुलगी शाळेत असताना एकदा तिच्या गणवेशाच्या पाठीवर अख्खा मासा उमटला होता. पोरीने तो धुऊ दिला नाही, आठवडाभर मिरवला. आता ती लग्न होऊन दूर गेली होती.

कॉलेजातली एकच मैत्रीण टिकली होती. उंच, शिडशिडीत, म्हणून तिचं नाव पेन्सिल पडलं होतं. पन्नाशीत ती काही पेन्सिल राहिली नव्हती, पण नाव राहिलं. तिने कोरणं कधीच सोडलं होतं आणि त्याची तिला खंत होती. दर गुरुवारी दुकान बंद असे, तेव्हा दुपारी ती यायची, पाय वर घेऊन खुर्चीत बसायची आणि विचारायची, "सांग, या आठवड्यात काय काय केलंस?"

नंबरताई सांगायची. दूध तापेपर्यंत किती कोरून होतं, पाहुणे आले की लिनो कुठल्या डब्यात लपवते, कंटाळा आला की नवीन चित्र न काढता जुन्याचाच कोपरा कसा दुरुस्त करते. पेन्सिल मांडीवर वही ठेवून लिहून घ्यायची.

"हे काय लिहितेस गं?"

"वाचलं की मला धीर येतो. मीही सुरू करीन म्हणते."

चार वर्षं असं चाललं. नंबरताईला बरं वाटायचं. घरात तिच्या कोरण्याला कोणाची हरकत नव्हती, पण त्याबद्दल असं खोदून खोदून विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. पाच तास ती दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून होती. नुसतं बसवेना म्हणून पिशवीतून लिनो काढला आणि समोरच्या बाकाखाली दिसत होते ते पाय कोरायला लागली. चपलांतले, बुटांतले, एक अनवाणी. सफाईवाल्याने कचरा कोणी केला म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा तिने सगळी कात्रणं वेचून रुमालात बांधली. ते चित्र तिने तीनदाच छापलं. त्यातलं एक पेन्सिलला दिलं. सही ती कशावरच करत नसे.

एका सोमवारी दुकानात एक निवृत्त नर्स आल्या. त्यांना जवळचा चष्मा हवा होता, आणि तोही नेमका एक वीत अंतरावरचा. असं माप कोणी मागत नाही म्हणून मालकाने नंबरताईला पुढे बोलावलं.

"कशासाठी हवाय?" तिने विचारलं.

"कोरायला," नर्सबाई जरा लाजून म्हणाल्या. "मी क्लासला जाते. लिनोवर कोरतात ना, ते. आमच्या बाई सांगतात, रोज तीन रेघा. क्लासचं नावच ते आहे. तुम्हीही करून बघा, नोकरी करणाऱ्या बायकांना फार छान आहे."

नंबरताई हातातल्या काचेकडे बघत राहिली. "तुमच्या बाई कोण?"

नर्सबाईंनी नाव सांगितलं. ते पेन्सिलचं होतं.

"काय बाई आहे हो," नर्सबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं ऑपरेशन चालू होतं, आणि ही पॅसेजमध्ये बसून लोकांचे पाय कोरत होती. मी तीस वर्षं दवाखान्यात काढली, पण असं ऐकलं नव्हतं. ती गोष्ट ऐकूनच मी नाव घातलं."

पेन्सिलच्या नवऱ्याला साधा ताप आल्याचंही नंबरताईला आठवत नव्हतं. तिने नर्सबाईंच्या नाकावर फ्रेम बसवली, माप घेतलं आणि मागच्या खोलीत आली. तो चष्मा तिने नेहमीसारखाच नीट केला.

गुरुवारी पेन्सिल आली तेव्हा डोकं दुखतंय म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. रविवारी नंबरताई क्लासचा पत्ता काढून वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेली आणि शेवटच्या रांगेत बसली. पंचवीसेक बायका होत्या, दोन म्हातारे पुरुष होते. पेन्सिल बोलत होती. दूध तापेपर्यंत किती कोरून होतं. पाहुणे आले की कुठला डबा. शब्दसुद्धा तेच. मधेच तिची नजर मागे गेली. ती अडखळली, पाण्याचा घोट घेतला. आता ती थांबेल, असं नंबरताईला वाटलं. ती थांबली नाही. तिने पिशवीतून ते पायांचं चित्र बाहेर काढलं आणि बघा म्हणून रांगेतून फिरवायला दिलं. हातोहात ते शेवटच्या रांगेत आलं. नंबरताईने ते घेतलं, अनवाणी पायाचा अंगठा बघितला आणि शेजारच्या बाईकडे दिलं.

क्लास सुटल्यावर पेन्सिलने तिला जिन्यात गाठलं.

"रागावलीस?"

"आत ऑपरेशनला नवरा माझा होता ना?"

"ऐक तर. मी आधी 'एक बाई होती' असंच सांगायचे. लोक विचारायला लागले, म्हणजे तुम्हीच ना? एकदा हो म्हटलं. मग मागे कशी येणार?"

"तू स्वतः कोरतेस तरी का?"

पेन्सिलने खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "तू कोणाला सांगणार होतीस हे? तुझ्याकडे ते पडूनच राहिलं असतं. तुला नाव नको असतं, तूच म्हणायचीस."

"मला नको होतं, म्हणून ते तुझं झालं?"

जिन्यातून बायका उतरत होत्या, जाताना बाईंना नमस्कार करत होत्या. पेन्सिल हसून मान हलवत होती. नंबरताई त्यांच्याबरोबरच खाली उतरली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, शांत माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. काच अशी पुसू नये हे तिने त्याला हजारदा सांगितलं होतं. आज तो का पुसतोय हे तिच्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या हिवाळ्यात ती शाळेत आली होती मला भेटायला. म्हणाली, ऑपरेशनची गोष्ट सांगितली तर चालेल का."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"ऑपरेशन माझं होतं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "तुला सांगितलं तर मनाला लावून घेशील, म्हणून म्हटलं राहू दे. तुमची इतक्या वर्षांची मैत्री."

पेन्सिलच्या वागण्याने तिला संताप आला होता. नवऱ्याचं ऐकून संताप आला नाही, नुसतं गळून गेल्यासारखं झालं. इतके महिने हा रोज सकाळी तिच्याशेजारी उभा राहून चहा पीत होता, तिला कोरताना बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर जागी झाली आणि पडून राहिली. ओट्यापाशी गेलं की पेन्सिलचा आवाज कानात यायचा, दूध तापेपर्यंत, दूध तापेपर्यंत. आपलंच करताना आपण तिचं ऐकून करतोय असं वाटायचं. नवऱ्याने दोनतीनदा लिनो आणि कोरण्या काढून ओट्यावर मांडून ठेवल्या. तिने त्या उचलून परत डब्यात ठेवल्या. गुरुवारी फोन वाजायचा, ती घ्यायची नाही. काही आठवड्यांनी वाजायचाही थांबला.

पावणेदोन महिन्यांनी नर्सबाई पुन्हा दुकानात आल्या. चष्म्याबद्दल आभार मानायला म्हणून स्वतः छापलेलं किटलीचं चित्र घेऊन आल्या होत्या. किटली वाकडी होती, शाई फार झाली होती.

"रोलर काचेवर फिरवताना आवाज ऐका," नंबरताई म्हणाली. "चिकट आवाज आला की शाई जास्त आहे. बारीक सुळसुळ आली की पुरे."

"तुम्ही कोरता की काय?"

तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं. "ती पॅसेजमधली बाई मी आहे. ऑपरेशन माझ्या नवऱ्याचं होतं."

नर्सबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातावर हलकेच हात ठेवला. "अस्सं," त्या म्हणाल्या. वॉर्डातल्या पेशंटला म्हणत असतील तसं, मऊ आवाजात. "होतं असं. मलाही ती गोष्ट ऐकून माझीच वाटली होती."

नंबरताईने ते चित्र पुन्हा उचललं. किटली फार छान झाली आहे, असं म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी ती एक कोरणी आणि लिनोचा तुकडा रुमालात गुंडाळून दुकानात घेऊन गेली. जेवणाच्या सुट्टीत पडदा ओढून काचा घासायच्या मशीनशेजारी बसली. आता किती वेळ कोरायचं, रोज कोरायचं की नाही, यातलं तिने काहीच ठरवलं नाही. छापलेले कागद तिथल्याच कपाटात, जुन्या फ्रेमांच्या खोक्यांमागे राहतात. मालकाला माहीत नाही, मुलीला माहीत नाही.

एकदा जेवताना नवऱ्याने तिच्या नखाखालचा काळा डाग बघितला.

"पुन्हा सुरू केलंस?" त्याने विचारलं. आवाजात आनंद होता.

"मार्कर आहे," ती म्हणाली. "काचेवर खुणा करायचा."

त्याने मान हलवली. तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि हात धुवायला उठली.