दोन होड्यांची टक्कर

माझ्या थोरल्या भावाने जहाजावरच्या नोकरीत असताना आणलेला घरगुती कॉम्प्युटर गेल्या वर्षी माझ्याकडे आला. वास्कोचं त्याचं घर लहान, जुनं सामान कमी करायचं होतं. मी पेडण्याला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तरुणपणी आम्ही दोघं याच मशीनवर चित्रं हलवायला शिकलो होतो. टीव्हीला जोडलं तर पडदा नुसता थरथरत होता, म्हणून डिचोलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. हा माणूस सावंतवाडीकडचा. खाणीवर वायरलेस सेट सांभाळायचा, खाण बंद पडल्यावर त्याने दुकान टाकलं.

आठ दिवसांनी मशीन परत आलं. चित्र स्वच्छ दिसत होतं. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "चित्रं काढणारी चिप तीच आहे ना, बघ. आता ती मिळत नाही. लोक चांगली काढून घेतात आणि खराब बसवतात."

हे डोक्यातून जाईना.

चिप तपासायला मी चौकटीच्या कागदावर दोन होड्या काढल्या, ठिपक्यांचे आकडे करून चिपला दिले. तेरेखोलची नदी, एक होडी इकडून, एक तिकडून. दोन चित्रं एकमेकांना शिवली की ती चिप स्वतःच एका ठरलेल्या जागी टक्कर झाल्याची खूण ठेवते. ती जागा आपण वाचायची. प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर अजून एकही होडी नव्हती आणि खूण मात्र उमटलेली. पुन्हा चालवला. तेच.

दुसऱ्या सकाळी मशीन पिशवीत घालून मी बसने डिचोलीला गेले. दुकानात बसल्या बसल्या त्याच्या टेबलावरच्या, काढलेल्या चिपांच्या ट्रेमध्ये नजर टाकत होते.

"चित्रांची चिप बदललीत का?" मी विचारलं.

"नाय बाई. तीच आसा. तिचे धातूचे पाय काळे पडले होते, घासून परत बसवली."

"तीच आहे हे कशावरून?"

त्याने मशीन उघडून माझ्यापुढे ठेवलं. "बघा तुम्हीच."

बघून मला काय कळणार? मी मशीन घेऊन निघाले. त्याने खराब चिप बसवली, याची वाटेत मला खात्रीच वाटत होती.

घरी येऊन, त्याला पकडायचंच म्हणून, मी प्रोग्राम ओळीओळीने तपासला. सुरुवातीला दोन्ही होड्या मी पडद्याच्या डाव्या किनारीआड एकाच जागी उभ्या केल्या होत्या. दुसरी मग उजवीकडे नेत होते. किनारीआडचं मला दिसत नव्हतं, चिपला दिसत होतं. तिथे त्या खरोखरच एकमेकींवर होत्या. जागा वेगळ्या केल्या, खूण गेली.

मी त्याला फोन केला. होड्या मीच एकावर एक ठेवल्या होत्या, चूक माझी होती, एवढं सांगितलं.

"माका कळलेला," तो म्हणाला. "तुम्ही ट्रेमध्ये बघत होतात."

मग त्यानेच विचारलं, "होड्या चालतत ना आता?"

महिन्याभराने कीबोर्डची काही बटणं चालेनात, म्हणून पुन्हा त्याच्याकडेच गेले. त्याने मशीन उघडलं, चिपवरचा नंबर मला वाचायला लावला आणि माझ्याच हाताने कागदावर लिहून घेऊन तो कागद मला दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी मशीन परत आल्यावर मी झाकण उघडलं आणि नंबर ताडून पाहिला. तोच होता.