बीचचं कुंपण

मुलांनो, रोटोटुना उपनगरातल्या आमच्या शेजारच्या आजोबांनी स्वतःच्या आणि सख्ख्या भावाच्या घरांच्या मध्ये बीचच्या झाडांचं कुंपण वाढवलं आहे. वेळेवर छाटलेल्या बीचची पानं हिवाळ्यात वाळतात, पण गळत नाहीत. "वर्षभर त्याचं तोंड दिसत नाही, स्वीट ॲज, एकदम झकास!" असं ते कात्री चालवताना मला सांगत. मला हसू येत नसे.

परवा भावाच्या दाराशी लांब काळी गाडी थांबली. आजोबा धावत कुंपणाशी आले आणि तपकिरी पानं दोन्ही हातांनी बाजूला सारू लागले. त्यांना पलीकडचं काही दिसेना. वरच्या खिडकीतून मला शवपेटी दिसत होती.

"कोणाला नेताहेत? त्याला, की त्याच्या बायकोला?" त्यांनी ओरडून विचारलं.

"त्यांची बायको दारात उभी आहे," मी म्हटलं.