चार ओळी ज्वारी

काकांनी यंदाही सगळ्या रानात ऊसच लावला होता. फक्त विहिरीच्या कडेला काकूने हट्टाने पेरलेल्या ज्वारीच्या चार ओळी वाऱ्यावर डुलत होत्या. थंडीतल्या कोवळ्या उन्हात त्यांच्याकडे बघता बघता माझे डोळे जड झाले. माणूस अमुकच पीक का निवडतो? उसाला कारखाना आहे. ज्वारीची भाकरी होते, कडब्यावर गुरं जगतात. पण इथली गुरं केव्हाच विकली, आणि भाकरीची ज्वारी तर दुकानातून येते.

ही ज्वारी कशाला, असं मी विचारलं तेव्हा पाखरं हाकता हाकता काकू म्हणाली, "हुरडा आला की पोरांना शहरातून बोलवायला निमित्त होतं रे. नुसतं 'या' कसं म्हणायचं?"

मी कणसातला एक दाणा दाबून पाहिला. अजून दूधच होतं.