दावं मागे ठेवून गेलेला चोर

पोलिसातल्या नोकरीत तपासलेल्या कितीतरी चोऱ्या विसरलो, पण पेठजवळची ती बैलाची चोरी मनातून जात नाही. बैल साधा नव्हता, बैलगाडा शर्यतीचा होता. दोघा भावांचा सामायिक. फिर्याद थोरल्यानं दिली, धाकटा शेजारी उभा होता.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. तसला बैल परक्याला अंगाला हात लावू देत नाही, तरी शेजाऱ्यांनी आवाज ऐकला नव्हता. दावं खुंटीला नीट गुंडाळून ठेवलेलं. चोर जनावर दाव्यासकट नेतो. दावं घरात ठेवतो तो विकणारा. ते दिलं तर गोठ्याची बरकत जाते, असं आमच्याकडे मानतात. ठाण्यातल्या साहेबांना हे सांगितलं, तर ते हसले. दाव्यावर केस उभी राहत नाही म्हणाले.

तेवढ्यात आळेफाट्याच्या गॅरेजवाल्यानं खबर दिली. त्या रात्री बैल टेम्पोत होता, लई शांत, आणि कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलं होतं.

धाकट्याला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. माझा स्वभाव ओळखणाऱ्यांना याचं नवल वाटेल. फक्त दावं टेबलावर ठेवलं. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "मीच इकला साहेब. बाळंतपणात बायकूला जंतुसंसर्ग झाला. आता बरी हाय, पर बिल वाढतच चाललंय, बैलाचं पैसं बी पुरंनात. सगळं भरल्याबिगर दवाखानावाले सोडत न्हाईत. दादाला वाटतंय ती म्हायेरी हाय."

थोरल्याला हे कळल्यावर मला वाटलं मारामारी होणार. तो म्हणाला, "गाढवा, घरची बाई तिथं अडकली आन मी बैल हुडकत फिरतोय व्हय?"

दोघांना घेऊन मी दवाखान्यात गेलो. मंडईत बापाबरोबर टोमॅटो विकत वाढलेला माणूस मी; भाव कुठं फुगवलाय ते मला कळतं. बिलाची ओळन् ओळ डॉक्टरांना मोठ्यानं वाचायला लावली. मग विचारलं, "बरी झालेली बाई पैशासाठी अडवून ठेवणं गुन्हा आहे. फिर्याद घेऊ, की बिल पुन्हा लिहिता?"

बिल पुन्हा लिहिलं गेलं. बैलाच्या पैशात ते भागलं. संध्याकाळी बाई तान्ह्या लेकीला घेऊन घरी गेली. बैल नव्या मालकाकडेच राहिला. चोरी झालीच नव्हती, म्हणून तपास तसा अहवाल देऊन बंद केला.

गुन्हे आढावा बैठकीत शाबासकी साहेबांना मिळाली आणि न विचारता दवाखान्यात गेलो म्हणून मेमो मला. तो राग अजून आहे. पण शिपायापासून वर आलेल्या मला या केसनं दिलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. त्यानंतर घरच्याच माणसावर चोरीचा संशय आला की मी आधी विचारायचो, घरात कोण आजारी आहे? कितीतरी वेळा त्या उत्तरानंतर बेड्या घालायची गरजच पडली नाही.