उभराटच्या चिखलातला थवा

चिनू, ईशा — तुमच्या आजीने आयुष्यभर इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवलं. दारावर लिंबू-मिरची कधी टांगली नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या शेजारणींना चहा पाजून वाटेला लावलं. त्यामुळे अशा न उलगडणाऱ्या अनुभवांच्या सदरासाठी लिहिताना हात अडखळतोय... पण आजोबा कसे गेले, हे फोनवर मला सांगता आलं नाही.

यंदा होळीनंतर त्यांचे सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "काका, आजार गेला. आता मस्त फिरून या." आजोबांना पक्ष्यांचं वेड. सुरतेहून आधी डांगच्या डोंगरात आणि येताना उभराटच्या समुद्रावर, असं ठरलं. गाडी चालवायला सुरतेतल्याच गोडादऱ्याचा जगदीश, मूळचा धुळ्याकडचा.

आहव्याच्या पुढे आम्ही नदीच्या कोरड्या पात्रात उतरलो. भर दुपार. गोट्यांमध्ये टिटवीची अंडी होती. मी आणि जगदीश जवळ जाताच ती किंचाळत डोक्यावर झेपावली.

"काकी, मागे फिरा! हाई मना डोया फोडी!" जगदीश डोळे झाकत ओरडला.

आजोबा मात्र अंड्यांपाशीच उभे होते. टिटवी त्यांच्या बुटाजवळ उतरली आणि शांतपणे अंड्यांवर बसली.

"काकाले काबरं काही करत नई?" जगदीश म्हणाला. "तिना जवाई शेत का काका?"

टिटवीचे जावई! मी हसले. आजोबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उभराटला ओहोटी होती. दूर चिखलात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा. हे पक्षी दुर्बिणीतूनच बघायचे. माणूस दिसला की लांब सरकतात. मी आणि जगदीश काठावरून बघत असतानाच आजोबांनी चपला काढल्या आणि सरळ चालत थव्यात शिरले. एकही पक्षी बाजूला झाला नाही... एक मानसुद्धा वळली नाही. एक पक्षी तर त्यांना घासून गेला.

मी घाबरून त्यांच्याकडे धावले — आणि अख्खा थवा उडाला.

"माणसांची सवय झाली असेल त्यांना," मी म्हटलं.

"तुला बघून उडाले की. सुनंदा, मी त्यांना दिसत नाही गं."

"काहीतरीच! रिपोर्ट विसरलात का?"

"रिपोर्ट चुकतो कधी कधी," ते म्हणाले आणि चिखलाचे पाय पुसत बसले. सुरतेला पोचल्यावर दुर्बीण त्यांनी जगदीशला देऊन टाकली.

त्याच आठवड्यात एका सकाळी ते चहाला उठलेच नाहीत. डॉक्टरांनी सगळे कागद पुन्हा तपासले. कारण सापडलं नाही म्हणाले. मीही पुस्तकं चाळली, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. मनाचे खेळ म्हणावं, तर जगदीशनेही सगळं पाहिलं होतं.

आणि तुम्ही दर व्हिडिओ कॉलवर विचारता — आजी, हल्ली सकाळी फिरायला का जात नाहीस? सोसायटीच्या फाटकाशी कबुतरं दाणे टिपत बसलेली असतात. मी जवळ गेल्यावर ती उडतात की नाही... ते मला बघायचं नाही.