भुसावळची गाडी आणि माझा इंग्रजीचा वर्ग

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, लिंबायतमध्ये, पावरलूमच्या कामगारांना फुकट इंग्रजी शिकवायचे. वडील बँकेत, मी नुकती बी.ए. झालेली आणि डोक्यात समाजसेवेची हवा. लूम बंद असायचे त्या दिवशी दुपारी वर्ग भरायचा. नियम माझेच होते. वर्गात मराठी बोलायचं नाही आणि मी सोडल्याशिवाय उठायचं नाही. स्वतःच्या शिस्तीवर मी भलतीच खूश होते.

त्या दिवशी ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शिकवत होते. आपल्याला काय करणं भाग आहे, त्याची दहा वाक्यं प्रत्येकानं लिहायची होती. अमळनेरकडचे एक कामगार, माझ्या वडिलांच्या वयाचे, उशिरा आले आणि दारातूनच अहिराणीत काही सांगू लागले. मी हात वर केला आणि इंग्रजीत सांगा म्हणाले. बाकीचे हसले. ते मुकाट्यानं बसले आणि त्यांनी वही उघडली.

थोड्या वेळानं त्यांनी वही पुढे केली. एकच वाक्य होतं, ‘आय मस्ट गो टु माय मदर टुडे.’ मी बरोबरची खूण केली, ‘व्हेरी गुड’ लिहिलं आणि उरलेली नऊ पुरी करायला सांगितली. त्यांनी केली. मधूनमधून घड्याळाकडे बघत होते. मला वाटलं, कंटाळलेत.

वर्ग सुटेपर्यंत अमळनेरवरून जाणारी त्यांची भुसावळची गाडी निघून गेली होती. हे मला पंधरा दिवसांनी कळलं, ते डोक्याचे केस काढून परत आले तेव्हा. आई अत्यवस्थ असल्याचा फोन त्या दिवशी शेजारच्या दुकानात आला होता. गावी निघण्याआधी ते मला फक्त सांगायला आले होते. दुसऱ्या दिवशी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, कोणी थांबलं नव्हतं.

हे ऐकूनही मी त्यांनाच विचारलं, उठून का गेला नाहीत? जणू चूक त्यांची होती. त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते.

“बदली आल्याबिगर लूम सोडता येस का, ताई?” ते म्हणाले.

पाळी संपली तरी दुसरा माणूस येऊन उभा राहीपर्यंत लूमपाशी थांबायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची सवय. माझ्या वर्गात त्यांना मोकळं करणारी मीच होते.

मग मधे बुडलेल्या वर्गाबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. ती मी मागायला हवी होती. मी म्हणाले, “बसा.”