कुंपणापलीकडचं स्तोत्र

“पल्मनरी ट्युबरक्युलोसिस,” एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे फुफ्फुसांचा क्षय. मी एवढंच विचारलं, “माझ्या रूथला जवळ घेऊ ना?” रूथ पाच वर्षांची होती. डॉक्टर बंगळूरच्या जुन्या मराठी घरातले. “नाही अक्का. थुंकीत जंतू आहेत तोवर नाही.”

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. यजमान इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आम्ही नगरकडचे. चर्चमधली उपासना कन्नडमध्ये, त्यामुळे मराठी प्रार्थना घरीच, दिवेलागणीला, आणि ती घ्यायची मी. माझे वडील पाळक. बायबलमधलं वचन पाठ म्हटल्याशिवाय ते आम्हाला रविवारी चहा देत नसत. लेकरांना प्रभूच्या वाटेवर असंच लावतात, हे माझ्या हाडीमाशी खिळलं होतं.

सॅनेटोरियम येलहंकाच्या बाजूला, वस्तीपासून लांब. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. दर महिन्याला ‘स्प्युटम टेस्ट’, म्हणजे थुंकीची तपासणी. निकालाच्या दिवशी आम्ही बायका बाकावर बसून एकमेकींकडे बघणं टाळायचो.

रविवारी यजमान रूथला आणत. ती मेंदीच्या कुंपणापलीकडे, मी अलीकडे, मध्ये दहा पावलं. “बोलून दम लागेल, स्वल्प बोला,” डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ते चार शब्द मी कशावर खर्चावेत? “स्तोत्र म्हण,” म्हणायची. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, ते स्तोत्र. रूथ ओरडून म्हणायची आणि अंधाऱ्या दरीच्या ओळीशी दर वेळी अडखळायची. मी मान हलवायची. तिचा फ्रॉक आखूड झालेला दिसायचा, वेणी वाकडी दिसायची. ती सोडून पुन्हा घालायला हात शिवशिवायचे. पण तोंडातून निघायचं, “नीट पाठ कर.”

एकदा तिने विचारलं, “आई, घरी कधी येशील?”

“तुझं स्तोत्र पुरं झालं की,” मी हसून म्हणाले आणि विसरून गेले.

अकरा महिन्यांनी, तीन तपासण्या ओळीने ‘निगेटिव्ह’ आल्यावर, म्हणजे जंतू न सापडल्यावर, डॉक्टर म्हणाले, “सरी अक्का, ठीक झालं. आता लेकीला पोटाशी धरा.”

घरी पोचले तर रूथ उंबऱ्यातच थबकली. मी हात पसरले, तरी येईना. हात जोडून, डोळे घट्ट मिटून तिने स्तोत्र सुरू केलं. दरीची ओळ आली, गेली. शेवटपर्यंत एकही चूक नाही. मग डोळे उघडून म्हणाली, “मी चुकत होते ना, म्हणून तू तिकडे राहिलीस. आता नाही चुकले. येऊ?”

अकरा महिने माझं आजारपण त्या पोरीने आपल्या माथी घेतलं होतं. मी तिला कवटाळून मोठ्याने रडले. दम लागला, तरी थांबले नाही.

आजारी आयांनो, लेकरांना वचन जरूर शिकवा. मोशेनेही सांगितलंय, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना शिकवा. मी शिकवणं तेवढं धरलं होतं आणि लेकरासोबतचं बसणं-उठणं विसरले होते. ते देवाने मला परत दिलं, त्याचे उपकार कसे फेडू? त्या संध्याकाळी मी प्रार्थना घेतली नाही. रूथला मांडीवर घेऊन आधी तिची वेणी घातली.